गप्पबसेंचं दोन दारांचं मशीन

त्यांचं खरं आडनाव गल्लीत विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. गप्पबसे म्हणालात तर शेंबडं पोरही बोट करून दुकान दाखवेल. कुणी बिघडलेलं मशीन घेऊन दुकानात आलं आणि "काय झालं, काल मी असं करत होतो आणि..." असं सुरू झालं, की ते झाकणाचे स्क्रू काढता काढता म्हणायचे, "गप्प बसा." समोर म्हातारा असो, लेकुरवाळी असो नाहीतर पोलिसातला साहेब असो. "तुम्ही गप्प बसा. मला मशीन सांगेल. माणूस खोटं बोलतो, मशीन बोलत नाही."

लोकांचंही नवलच. जो कारागीर आपल्याला जास्त झापतो तो जास्त हुशार, अशी त्यांची समजूत. स्टुलावर बसून, मांडीवर हात ठेवून, शाळेतल्यासारखे निमूट बसायचे. बाहेर पडल्यावर म्हणायचे, "माणूस खडूस आहे, पण हात सोन्याचा."

हात चांगला होता, हे खोटं नाही. गप्पबसेंचा बाप थापाड्या होता. सकाळी एक सांगायचा, संध्याकाळी दुसरं, आणि दोन्ही वेळा स्वतःच्याच आईची शपथ घ्यायचा. त्या घरात वाढलेलं पोर माणसाच्या जिभेला भिऊन वायरींकडं पळालं. रेडिओच्या दुकानात झाडू मारता मारता झाळकाम, म्हणजे वायरींचं सोल्डरिंग, शिकलं. रेडिओ गेले, टीव्ही आले. गप्पबसे टीव्हीत शिरले. वायर तुटली असेल, भाग जळाला असेल, तर नुसता वास घेऊन सांगायचे. तोवर सगळं झकास चाललं होतं.

मग कॉम्प्युटर आले आणि गाडी खडखडायला लागली. कॉम्प्युटरचं अर्धं दुखणं वायरीत नसतंच. ते मालकानं काल काय केलं त्यात असतं, आणि मालकाला तर बोलायची बंदी. मग गप्पबसेंनी ठोकताळे पाठ केले. पडदा निळा झाला की हे करायचं, काळा झाला की ते. दोन्हीनं भागलं नाही की फॉरमॅट, म्हणजे सगळं धुऊन पाटी कोरी. कुणाच्या लेकराचे फोटो जायचे, कुणाचा हिशेब जायचा. बायका रडायच्या. हे स्क्रू आवळत विचारायचे, "एवढं काय महत्त्वाचं होतं त्यात?"

त्यांचा दाढीवाला मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आधी त्यांच्याच दुकानात होता. एकदा त्यानं एका बाईला हळूच सांगितलं, "बाई, रडू नका. पुसलेलं पुष्कळदा परत मिळतं, बघतो मी." गप्पबसेंनी ते ऐकलं. भर गिऱ्हाइकांत त्याच्या हातातला पेचकस काढून घेतला आणि म्हणाले, "मी मेलं म्हणून सांगितलेलं तू जिवंत करणार? चल, चालता हो." मेहुणा चालता झाला तो सरळ रस्ता ओलांडून समोरच्या गाळ्यात गेला आणि तिथंच दुकान थाटलं. दारावर पाटी लावली, 'इथं बोलायला परवानगी आहे.' तेव्हापासून दोघांचं तोंड बंद. बायको गच्चीवर कपडे वाळत घालताना भावाकडं बघून हात हलवायची, तेवढाच काय तो संबंध उरला.

घर दुकानाच्या मागंच. मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडं ठोकाठोक, पलीकडं स्वयंपाकघर आणि एक आतली खोली. त्या खोलीत लेक परत येऊन राहिली होती. सासरी नवऱ्यानं हात उचलला, हिनं पिशवी उचलली. पण गप्पबसे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "नांदली नाही." जेवायला बसलं की बायकोला म्हणायचे, "वाढ तिला. तिथलं पचलं नाही, इथलं तरी पचतंय का बघू." लेक खाली मान घालून जेवायची आणि ताट उचलून निघून जायची. आई म्हणायची, "अहो, घास तरी गिळू द्या तिला."

"मी काय तिचा गळा धरलाय?"

लेक त्या खोलीत बसून प्रोग्राम लिहायची. बहिऱ्या माणसासमोर कुणी बोललं की ते अक्षरांत दाखवायचं, असलं काहीतरी. लांबच्या शहरात एका कंपनीनं तिला निवडीच्या शेवटच्या फेरीला बोलावलं होतं. सोमवारी जायचं, स्वतःच्या लॅपटॉपवर आपलं काम चालवून दाखवायचं. पसंत पडलं तर नोकरी, आणि राहायला कंपनीचंच वसतिगृह. तिच्या दृष्टीनं ती नुसती नोकरी नव्हती. ताटावरून रोजची टोचणी ऐकायला लागणार नाही अशी ती एकच जागा होती. आईला हे ठाऊक होतं, मामाला ठाऊक होतं, शेजारच्या शिंप्यालाही ठाऊक होतं. गप्पबसेंना तर नक्कीच ठाऊक होतं.

अडचण लॅपटॉपची होती. घरात लॅपटॉप एकच, आणि तो दुकानाचा. गप्पबसेंचं चिपमध्ये प्रोग्राम भरायचं सॉफ्टवेअर जुन्या सिस्टिमवरच चालायचं. लेकीचं काम दुसऱ्या सिस्टिमशिवाय होत नव्हतं. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, एकाच मशीनवर दोन्ही बसवते. निम्मी जागा तुमची, निम्मी माझी. चालू करताना विचारेल, कुठं जायचं. ज्याला जे पाहिजे ते त्यानं निवडायचं."

"एका मशीनला दोन सिस्टिम नसतात."

"असतात."

"मी इतकी वर्षं झक मारली काय?"

तरी आईच्या रेट्यानं मशीन तिच्या हाती आलं. तिनं जागा वाटून घेतली, नवी सिस्टिम भरली, मशीन बंद करून चालू केलं. ते सरळ जुन्या सिस्टिममध्ये गेलं. काही विचारलं नाही, काही दाखवलं नाही. गप्पबसेंना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. शिंपी तेव्हा दुकानात आपला पंखा घेऊन बसला होता. त्याच्याकडं बघून म्हणाले, "बघा! आमच्या इंजिनेर बाई. नव्याला उंबऱ्याच्या आतसुद्धा घेतलं नाही मशीननं."

लेकीनं मशीन पुन्हा बंद केलं, चालू करतानाच एक बटण दाबून धरलं, तशी आतल्या सेटिंगची निळसर पाटी उघडली. आई दाराच्या पडद्याआडून बघत होती. तिला लेकीनं समजावून सांगितलं, "आई, मशीन जागं झालं की आधी एक छोटा प्रोग्राम उठतो. बूट लोडर म्हणतात त्याला. त्याचं काम एवढंच, सिस्टिमला उठवून कामाला लावायचं. आता इथं दोन आहेत, आणि रांगेत जुना पुढं उभा आहे. म्हणून नव्याची पाळीच येत नाही." तिनं नव्याला वर सरकवलं. मशीन चालू केलं, तर या वेळी नवी सिस्टिम आली आणि जुनी गायब!

"घालवलंस!" गप्पबसे उठलेच. "माझं सगळं घालवलंस!"

"कुठं गेलं नाही. नवा बूट लोडर दुसऱ्या कुणाला शोधत नाही, त्याला तशी परवानगीच दिलेली नाही." तिनं काळ्या पडद्यावर एक ओळ बदलली, यादी नव्यानं करायला लावली, आणि परत चालू केलं. पडद्यावर एकाखाली एक दोन नावं उभी राहिली. वर तिचं, खाली बापाचं.

शिंप्यानं मांडीवर थाप मारली. "गप्पबसे, पोरगी तुमच्या वरताण निघाली की हो!"

ते वाक्य त्या माणसानं गंमतीत टाकलं आणि पंखा घेऊन निघून गेला. गप्पबसेंच्या मात्र ते घशात हाडासारखं अडकलं. रात्रंदिवस ते त्याला गिळायचा प्रयत्न करत होते आणि ते खाली उतरत नव्हतं.

पुढं रोज सकाळी ती दोन नावं त्यांच्या तोंडासमोर यायची. थोडा वेळ थांबून मशीन आपलं आपण वरच्या नावात जायचं. गप्पबसे चष्मा शोधेपर्यंत तो वेळ संपायचा, लेकीची सिस्टिम उघडायची आणि पासवर्ड मागायची. एकदा गिऱ्हाइकासमोर असं झालं. गिऱ्हाईक म्हणालं, "तुमच्याच मशीनला कुलूप? मग किल्ली कुणाकडं?" गप्पबसेंनी त्याला गप्प बसवलं, पण पडद्यामागं जाऊन लेकीवर आवाज चढवला. "माझ्या मशीनवर मलाच विचारतं, कुठं जायचंय म्हणून! वर माझं नाव पाहिजे."

"करते बाबा. सोमवार होऊ दे. आत्ता कशालाच हात लावायला नको."

"सोमवार, सोमवार! सोमवारी काय दिवे लावणार आहेस?"

रविवारी दुपारी लेक बाहेर गेली. सोमवारसाठी एक नीटस ड्रेस तिनं शिवायला टाकला होता, तो आणायला. जाताना आईला सांगून गेली, "माझं सगळं काम मशीनमध्ये आहे आणि एक कॉपी टेबलाच्या खणातल्या लाल पेनड्राइव्हमध्ये. दुसरीकडं कुठं ठेवायला कंपनीची मनाई आहे. तेवढं लक्ष ठेव गं."

ती गेली आणि गप्पबसे लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसले. मनात एवढंच होतं, की आपलं नाव वर घ्यायचं. हे त्यांनी नंतर घरच्यांना शपथेवर सांगितलं आणि तेवढं खरंही असेल. पण नाव वर घ्यायचं कुठून, हे माहीत नव्हतं, आणि विचारायचं तर लेकीला विचारावं लागणार. ते आपल्या जुन्या सिस्टिममध्ये गेले आणि डिस्कची वाटणी दाखवणारी खिडकी उघडली. तिथं त्यांचा भाग दिसला नावासकट, आणि शेजारी एक भला मोठा भाग, बिननावाचा. जुन्या सिस्टिमला नव्याची लिपी वाचता येत नाही, म्हणून तिला तो नुसता अनोळखी दिसतो. त्यांनी त्याला ड्राइव्हचं एक अक्षर, डी किंवा ई असलं, देऊन टाकलं आणि उघडायला गेले. मशीननं विचारलं, हा भाग वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल. करू?

माणसावर कधी विश्वास टाकला नाही असा हा गडी. पण मशीन विचारत होतं. मशीन म्हणत होतं फॉरमॅट करा, म्हणजे ते रिकामंच असणार. त्यांनी 'हो' दाबलं.

पापणी लवते न लवते तोच झालं. भाग स्वच्छ.

मशीन बंद करून चालू केलं तर काळा पडदा, आणि कोपऱ्यात दोन शब्द लुकलुकतायत, 'ग्रब रेस्क्यू'. ग्रब हे नव्या बूट लोडरचं नाव. त्याला आपलं सामान जिथं ठेवलं होतं तो भागच सापडेना, म्हणून तो उंबऱ्यातच मटकन बसला होता. आता ना लेकीची सिस्टिम, ना बापाची. पण काळ्या पडद्याचा ठोकताळा गप्पबसेंना पाठ होता. जुन्या सिस्टिमची दुरुस्तीची पेनड्राइव्ह करायची, तिच्यावरून मशीन चालू करायचं, बूट नव्यानं लिहायचं. दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते करता येत होतं. पेनड्राइव्ह तेवढी पाहिजे होती. त्यांनी टेबलाचा खण ओढला. लाल पेनड्राइव्ह समोरच पडली होती.

पडद्यामागून बायको म्हणाली, "अहो, ती तिची आहे."

"तुला काय कळतं? सगळ्या सारख्याच असतात."

"पण त्यात तिचं..."

"गप्प बस."

आणि ती गप्प बसली. दुरुस्तीची पेनड्राइव्ह करायची तर आधी तिच्यावरचं सगळं पुसून निघतं. ते निघालं. गप्पबसेंनी ती लॅपटॉपला लावली, ठोकताळ्यातल्या ओळी एकेक टाइप केल्या. खरं सांगायचं तर हे काम त्यांनी उत्तम केलं. एकही अक्षर चुकलं नाही. मशीन उठलं ते सरळ त्यांच्या जुन्या सिस्टिममध्ये. ना यादी, ना दोन नावं. खुर्चीत मागं रेलून ते ओरडले, "आलं! म्हणे बूट लोडर! बघ, कसं सरळ आलं."

बायको पडदा बाजूला करून दुकानात आली. हातात मोबाइल. "तिचं कुठंय?"

"काय तिचं?"

"तिचं नाव असायचं ना वर. ते कुठंय?"

गप्पबसेंनी मशीनच्या पडद्याकडं बघितलं. मग त्या नव्यानं अक्षर दिलेल्या मोठ्या रिकाम्या भागाकडं बघितलं. जो माणूस वासावरून जळका भाग ओळखतो, त्याला हे कळायला कितीसा वेळ लागणार? बायकोनं त्यांचं तोंड बघितलं आणि तिलाही कळलं.

"फोन लावते तिला," ती म्हणाली.

"लाव. लाव आणि सांग, बापानं वाटोळं केलं. समोर तुझा भाऊ बसलाय ना, त्यालाही सांग. गल्लीत दवंडी पिटून ये."

बायकोचा अंगठा मोबाइलवर होता. तिथंच राहिला.

इथं जर हा माणूस हात बांधून बसला असता, तरी बरंच काही वाचलं असतं. झटपट फॉरमॅट केलं की मशीन फक्त अनुक्रमणिका फाडतं. पुस्तकाची पानं आत तशीच असतात. समोरच्या दुकानात ती पानं काढून देणारा सख्खा मेहुणा बसलेला. रस्ता ओलांडायचा, एवढंच. पण त्या रिकाम्या भागाकडं बघवत नव्हतं. तो तसाच राहिला तर लेक आल्या आल्या विचारणार. त्यात काहीतरी भरलेलं दिसलं तर म्हणता येईल, आधीपासून माझाच होता. त्यांनी आपला जन्मभराचा खजिना काढला. जुनी गाणी, सिनेमे, टीव्हीच्या सर्किटचे नकाशे. सगळं त्या भागात ओतायला लावलं. हिरवी पट्टी पुढं सरकत राहिली आणि ते तिच्याकडं बघत राहिले. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "काय करताय हे?"

"दुकानाचं काम."

पट्टी शेवटाला टेकली. तोवर त्यांच्या मनानं पुन्हा पलटी खाल्ली. लेक बघेल, तारखा बघेल, आज दुपारच्या. मग त्यांनी ते सगळं भरलेलं पुन्हा पुसलं. खिडकी बंद केली. पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात टाकली. बाहेर लेकीच्या चपला वाजल्या.

तिनं ड्रेसची पिशवी खुंटीला अडकवली आणि मशीन उघडलं. यादी आली नाही. पुन्हा केलं, आली नाही. तिनं डिस्कची खिडकी उघडली आणि तिथं जे दिसलं ते बघून ती सावकाश स्टुलावर बसली, गिऱ्हाइकं बसतात त्याच स्टुलावर.

"फॉरमॅट केलंत?"

"मशीननंच मागितलं."

"बाबा, एकच सांगा. खरं सांगा. फॉरमॅटनंतर त्याच्यावर काही भरलंत? काही कॉपी केलंत?"

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना! बाप खोटं बोलतो काय?"

तिनं श्वास सोडला. चेहऱ्यावर रंग परतला. "मग मिळेल. भरलं नसेल तर मिळतं. आणि नाहीच तर कॉपी आहे." खण ओढला. "आई, लाल पेनड्राइव्ह?"

आईनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा पेचकस पुसत होता.

"बघितली नाही बाई," आई म्हणाली.

लेकीनं लॅपटॉप काखेत मारला आणि दाराकडं वळली. गप्पबसे गरजले, "कुठं? त्या दाढीवाल्याच्या दारात माझं मशीन जाणार नाही!"

"मग या आणि काढून घ्या हातातून," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.

मामानं सगळं ऐकून घेतलं. त्याच्या दुकानाची रीतच ती. त्यानंही तोच एक प्रश्न विचारला. "भरलं नाही म्हणतो?"

"म्हणतात."

"दाजीचा शब्द," मामा दाढी खाजवत हसला. "बरं, बघू." डिस्क बाहेर काढून आपल्या मशीनला लावली आणि शोधायला सोडली. तासभर पट्टी सरकत होती. नावं यायला लागली. लेक वाकून बघत होती. तिच्या फाइलचं एक नाव आलं, तेव्हा तिनं मामाचा दंड घट्ट धरला. मामानं फाइल उघडली. आत नुसता अक्षरांचा चिखल. दुसरी उघडली, तसाच चिखल. तिसरी. मग पट्टीतून वेगळीच नावं येऊ लागली. जुन्या सिनेमांची, टीव्हीच्या नकाशांची. बाजूला तारीख आजची, वेळ दुपारची.

मामानं चिखलाची एक फाइल उचलली आणि गाणी वाजवायच्या प्रोग्रामला दिली. लेकीच्या नावाच्या फाइलमधून गाणं वाजायला लागलं. गप्पबसे झाळकाम करताना गुणगुणायचे ते.

भल्या माणसानं तिथंच बंद केलं असतं. पण कित्येक वर्षं मामाच्या पोटात काहीतरी कुजत पडलं होतं. त्यानं बाहेरच्या मोठ्या स्पीकरचं बटण फिरवलं. गाणं रस्ताभर झालं. शिंप्यानं मशीन थांबवून डोकं बाहेर काढलं. समोर गप्पबसे दुकानात बसले होते.

"दाजी!" मामा दारातून ओरडला. "लेकीच्या कामात तुमची गाणी निघाली हो! छान आवाज आहे!"

"मामा, बंद कर," लेक म्हणाली.

"ऐकू दे की त्याला."

"बंद कर म्हटलं ना."

ती रस्ता ओलांडून आली. बापाच्या समोर उभी राहिली. त्यांच्या खिशातून लाल टोक डोकावत होतं. तिनं दोन बोटांनी पेनड्राइव्ह काढली, दुकानातल्या कॉम्प्युटरला लावली, आत काय आहे ते बघितलं आणि परत त्यांच्याच खिशात ठेवली. मग आईकडं वळली.

"तुला माहीत होतं?"

"मी फोन लावणारच होते गं..."

"लावलास का?"

आईनं पदराचं टोक तोंडात धरलं.

सोमवारी लेक गेली, तोच ड्रेस घालून. दाखवायला काही नव्हतं तरी गेली. टेबलापलीकडच्या माणसांनी विचारलं, काम कुठंय? तिनं सांगितलं, वडिलांनी फॉरमॅट केलं. "कॉपी नव्हती ठेवली?" होती, तीपण वडिलांनी पुसली. एकजण खाकरला, एकीनं हसू दाबलं. "दर वेळी कुणाचं तरी मशीन बिघडतंच," तिसरा म्हणाला, आणि पुढच्याला आत बोलावलं.

ती परत आली तेव्हा गप्पबसे जेवत होते. त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"नाही झालं."

त्यांनी मान हलवली. पण बायकोनं नवऱ्याचं तोंड नीट बघितलं होतं. कित्येक दिवस ताणलेली दोरी सैल पडावी तसं ते सुटलं होतं. तिनं तिथंच त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं आणि बेसिनमध्ये उपडं केलं. "अगं, मी जेवतोय!" ते ओरडले. ती आत निघून गेली.

लेकीनं पिशवी भरली. जायचं होतं कुठल्या कुठं, गेली रस्त्याच्या पलीकडं. मामाच्या दुकानावर एक पोटमाळा होता, तिथं राहायला लागली आणि खाली काम करायला लागली. मामाही काही देवमाणूस नाही. गिऱ्हाईक आलं की तिच्याकडं बोट करून सांगायचा, "हीच ती. हिच्याच बापानं..." आणि गोष्ट सुरू. ती समोर बसून ऐकायची, रोज, कधी कधी दोनदा. एकदा म्हणाली, "मामा, मी पण आहे इथं." मामा म्हणाला, "म्हणून तर लोकांना पटतं."

कंपनीनं दुसऱ्या वर्षी तिला बोलावलं नाही. तिनं तो प्रोग्राम पुन्हा लिहायला घेतला होता, पण काम करून थकलेली असायची; अर्ध्यावर कुठंतरी थांबला.

गप्पबसेंचं दुकान चालूच आहे. लॅपटॉप आता झटकन सुरू होतो, काही विचारत नाही. कुणी लेकीचा विषय काढला की सांगतात, "अहो, मीच दिलं होतं तिला मशीन. दोन सिस्टिम म्हणे! जमलं नाही. बूट लोडर उडवून ठेवला, शेवटी मलाच नीट करावा लागला. गेली तिकडं रागानं."

परवा एक नर्सबाई लॅपटॉप घेऊन आली होती, ड्यूटीला जायच्या घाईत. गप्पबसेंनी तिलाही हेच ऐकवलं. पडद्यामागची भांड्यांची आदळआपट थांबली. पडदा सरकला आणि त्यांची बायको, ओले हात तसेच, दुकानाच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"खोटं बोलतात हे," ती म्हणाली. "लेकीचं काम यांनी पुसलं. तिची कॉपी पुसली. वर आपली गाणी भरली, म्हणजे काही परत मिळू नये. मी बघत उभी होते. माझ्या हातात फोन होता."

नर्सबाईनं एकदा गप्पबसेंकडं बघितलं, एकदा बायकोकडं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं. आणि आपला लॅपटॉप टेबलावरून गप्पबसेंच्या पुढं सरकवला.

"ते तुमचं तुम्ही बघा हो," ती म्हणाली. "माझं संध्याकाळपर्यंत होईल का?"